विमा नसलेली मोटार विकण्यापूर्वीं

घरांतील जुनी मोटार विकावयाची ठरली, म्हणजे मंडळींचें सारें लक्ष बहुधा दोनच गोष्टींकडे असतें. किंमत किती येणार आणि घेणारा माणूस कसा आहे. किंमतीसाठीं चार ठिकाणीं चौकशी होते, घेणाऱ्याच्या घराण्याची व व्यवसायाची माहिती काढली जाते, बरा दिवस पाहून किल्ली हातावर ठेवली जाते, आणि व्यवहार संपला असें समजून सर्वजण निश्चिंत होतात. या धांदलींत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. या मोटारीचा विमा आज चालू आहे कीं नाहीं? आणि नसल्यास, “आतां गाडी जाणारच आहे, मग तिच्यावर आणखी पैसा कशाला घालावयाचा?” हें उत्तर बहुतेक घरांत तयार असतें. हें उत्तर व्यवहारदृष्ट्या चुकीचें, कायद्याच्या दृष्टीनें धोक्याचें आणि माणुसकीच्या दृष्टीनें अनुचित आहे, असें आमचें मत असून त्याचीं कारणें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही स्थिति येते कशी तें प्रथम पाहूं. आमच्या सोलापुरांत ज्या घरांतून दोन-तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें आतां एकाहून अधिक मोटारी असणें ही नवलाची गोष्ट राहिली नाहीं. थोरल्यानें नवी घेतली कीं जुनी मागच्या अंगणांत उभी राहते. धाकटा नोकरीनिमित्त पुण्यास किंवा परदेशीं गेला कीं त्याची मोटार वडील आठवड्यांतून एकदां नुसती चालू करून ठेवतात. आजोबांच्या नांवची मोटार त्यांच्या पश्चात् ममतेपोटीं कोणी हलवीत नाहीं. अशा उभ्या मोटारीच्या विम्याची मुदत कधीं संपली हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीच्या खरेदीबरोबरच तीन वर्षांचा त्रयस्थ-विमा एकदम घ्यावा लागूं लागला. ही व्यवस्था चांगली खरी, परंतु तिच्यामुळें दरवर्षीं विमा उतरविण्याची संवय सुटते, आणि चौथ्या वर्षीं हप्ता भरावयाचा आहे याची आठवण घरांत कोणालाच राहत नाहीं.

सक्ति कशासाठीं?

मोटारीच्या विम्याचीं दोन अंगें आहेत, आणि तीं वेगळीं ओळखल्यावांचून पुढील विवेचन नीट समजणार नाहीं. एक अंग आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचें. तें घ्यावें कीं न घ्यावें हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे. दुसरें अंग आपल्या मोटारीमुळें ज्या तिऱ्हाइतास इजा होईल, किंवा ज्याच्या मालमत्तेचें नुकसान होईल, त्यास द्यावयाच्या भरपाईचें. यासच बाजारांत ‘थर्ड पार्टी’ असें म्हणतात, आणि आम्हीं वर वापरलेला ‘त्रयस्थ-विमा’ हा शब्द त्याचाच. कायद्याची सक्ति आहे ती केवळ याच अंगाची.

इंग्लंडांत ही सक्ति १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यानें आली. आपल्या देशांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तिचें प्रकरण घातलेलें होतें, पण तें अमलांत आलें १ जुलै १९४६ पासून. पुढें १९८८ चा नवा कायदा झाला व तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या १४६ व्या कलमांत ही सक्ति आज आहे. या कलमाचा हेतु मोटारवाल्याचें रक्षण करणें हा नसून, ज्याचा मोटारीशीं कांहीं संबंध नाहीं अशा पायीं चालणाऱ्याचें रक्षण करणें हा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेंत नंदीध्वजांमागून चालणारा भाविक, भल्या पहाटे कामावर निघालेली विडी कामगार स्त्री, शाळेंतून परतणारें मूल, यांनीं आपल्या विक्रीच्या व्यवहारांत कांहींही भाग घेतलेला नसतो. मोटार कोणाची, विकली कोणी, घेतली कोणी, याची त्यांना वार्ताही नसते. तरी त्या व्यवहारांतील हयगयीचें फळ त्यांनाच भोगावें लागण्याचा संभव असतो. विम्याचा सारा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

उभी मोटार आणि चांचणीची फेरी

“आमची मोटार तर हलतच नाहीं, मग विमा कशाला?” असा प्रश्न कोणी विचारील. मोटार आपल्या कुंपणाच्या आंत, जेथें सर्वसामान्यांस येण्याचा हक्क नाहीं अशा जागीं उभी असेल, तोंपर्यंत या म्हणण्यांत तथ्य आहे. कारण कायद्यानें सार्वजनिक जागेंतील वापरापुरतीच सक्ति केलेली आहे. पण आपल्याकडे पुष्कळ घरांची मोटार कुंपणाच्या आंत नसून दारापुढच्या रस्त्यावर उभी असते, आणि रस्ता ही सार्वजनिक जागा होय.

‘वापर’ या शब्दाचा अर्थही आपण समजतों तितका संकुचित नाहीं. १९८७ सालीं सातारा जिल्ह्यांत पुणें-बंगळूर महामार्गावर ट्रकशीं टक्कर होऊन पेट्रोलचा एक टँकर उलटला. तो कांहीं तास तसाच पडून होता. मग गळलेल्या पेट्रोलचा भडका उडाला आणि भोंवतीं जमलेलीं माणसें होरपळलीं, त्यांतील कांहीं दगावलीं. भडक्याच्या वेळीं टँकर चालत नव्हता, सबब ही इजा वाहनाच्या वापरांतून झालेली नाहीं, असा युक्तिवाद करण्यांत आला. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं तो मान्य केला नाहीं. वाहन थांबलेलें असलें, किंबहुना बिघडून किंवा अपघातानें हलूं न शकणारें असलें, तरीही तें वापरांत असूं शकतें, असा व्यापक अर्थ न्यायालयानें लाविला. महाराष्ट्राच्या भूमीवरील या दुर्घटनेनें सबंध देशाला घालून दिलेला हा धडा दारापुढें मोटार उभी करणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

विक्रीच्या वेळीं तर उभी मोटार उभी राहतच नाहीं. घेणारा ती चालवून पाहिल्यावांचून पैसे देत नाहीं, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकतेंही नाहीं. सात रस्त्यापर्यंत एक फेरी, वाटलें तर विजापूर रस्त्यावर थोडी वेगानें, एवढेंच तो मागतो. परंतु कायद्यानें केवळ चालविणाऱ्यासच नव्हे, तर चालवूं देणाऱ्यासही जबाबदार धरलें आहे. १९८८ च्या कायद्याचें १९६ वें कलम २०१९ सालीं सुधारलें गेलें. त्याअन्वयें विमा नसलेलें वाहन चालविणें किंवा चालवूं देणें यास पहिल्या वेळीं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या वेळीं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ४,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षा आहेत. आणि दंड ही यांतील अगदीं लहान बाब होय. त्या एका फेरींत कोणी मोटारीखालीं सांपडला, तर येणारें संकट दंडाच्या मापानें मोजतां येणार नाहीं.

किल्ली दिली, पण नांव राहिलें

या विषयांत सर्वांत मोठा गैरसमज मालकीसंबंधीं आहे. मोटार ही जंगम वस्तु. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें अशा वस्तूची मालकी देणाऱ्या-घेणाऱ्याच्या उद्देशाप्रमाणें पालटते. पैसे घेतले, मोटार दिली, कागदावर सह्या झाल्या, कीं त्या दोघांपुरता व्यवहार पुरा होतो. परंतु मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीनें मालक तो, ज्याचें नांव परिवहन कार्यालयाच्या दफ्तरीं आहे. म्हणजे एकाच मोटारीला दोन अर्थांनीं दोन मालक असूं शकतात. एक जो तिच्यांत बसून फिरतो तो, आणि दुसरा जो तिच्याकरितां कोर्टाची पायरी चढतो तो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानें ही गोष्ट निःसंदिग्ध केली. त्या प्रकरणांतील मोटार एकामागून एक अशी अनेक हातांतून गेली होती, परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नांवें राहिली होती. पुढें तिच्याखालीं सांपडून एक मूल दगावलें. पहिल्या मालकानें मोटार कधींच विकली होती याबद्दल पुरावाही होता. तरीसुद्धां तीन न्यायाधीशांच्या पीठानें भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेविली. हा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिला आहे. त्यामागील विचार साधा व न्यायाचा आहे. ज्याच्या घरांतील माणूस गेलें, त्यानें या खरेदीदारापासून त्या खरेदीदारापर्यंत माग काढीत हिंडावें, हें कायद्याला मान्य नाहीं. दफ्तरांत ज्याचें नांव आहे त्यानें उत्तर द्यावें, आणि मग आपसांतील देणें-घेणें खुशाल निस्तरावें.

आतां या स्थितींत विमा नसेल तर काय होतें तें पाहा. विमा चालू असता, तर नोंदणीकृत मालकाच्या मागें विमा कंपनी उभी राहिली असती. विमा नसतां जुना मालक एकटाच उभा राहतो. मोटार विकून महिना लोटलेला असतो, आलेले पैसे मुलीच्या शिक्षणांत किंवा घराच्या दुरुस्तींत खर्च झालेले असतात, आणि अशा वेळीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस दारीं येते. मुद्रांकाच्या कागदावर करून घेतलेलें करारपत्र तेव्हां निरुपयोगी ठरतें असें नाहीं. घेणाऱ्याकडून रक्कम वसूल करण्यास त्याचा उपयोग होईल. परंतु जखमी झालेल्याच्या दाव्यापुढें तें ढाल म्हणून उभें राहणार नाहीं, हें पक्कें समजावें. ‘घेणारा आपल्या ओळखीचा आहे, नांवावर करून घेईल’ असें म्हणून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, विश्वास पानिपतांत गेला ही म्हण आपल्याच पूर्वजांनीं अनुभवानें केलेली आहे.

हिशेब मांडून पाहूं

आमच्या वाचकांस आंकड्यांवांचून खात्री पटत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेबच मांडतों. समजा, पस्तीस वर्षांचा एक यंत्रमाग कामगार अक्कलकोट रस्त्यावर मोटारीच्या धक्क्यानें मरण पावला. त्याची मिळकत महिना १५,००० रुपये, आणि त्याच्यावर अवलंबून बायको, दोन मुलें व म्हातारी आई अशीं चार माणसें. भरपाई ठरविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ सालच्या दोन निकालांनीं घालून दिलेली आहे. चाळिशीच्या आंतील स्वतंत्र किंवा ठराविक वेतनाच्या कमावत्या माणसाच्या मिळकतींत पुढील वाढीबद्दल शेंकडा ४० मिळवावे. म्हणजे १५,००० चे २१,००० झाले. चार ते सहा आश्रित असतां त्याच्या स्वतःच्या खर्चाबद्दल चौथा हिस्सा वजा करावा. राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. एकतीस ते पस्तीस या वयास १६ हा गुणक आहे. गुणाकार केला म्हणजे ३०,२४,००० रुपये होतात. अंत्यविधि वगैरेंच्या ठराविक रकमा व व्याज याहून वेगळें.

आतां दुसरी बाजू. १ जून २०२२ पासून सरकारनें ठरविलेल्या दरांप्रमाणें खासगी मोटारीच्या एका वर्षाच्या त्रयस्थ-विम्याचा हप्ता १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास २,०९४ रुपये, १,५०० पर्यंतच्या इंजिनास ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनास ७,८९७ रुपये असा होता. कर निराळा. तीस लाखांच्या जबाबदारीपुढें तीन-साडेतीन हजारांचा हप्ता! याहून अधिक बोलका आंकडा आम्हांस सुचत नाहीं.

चालकाची चूक सिद्ध करणें अवघड गेलें तर सुटका होईल, असेंही कोणी समजूं नये. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या १६४ व्या कलमाप्रमाणें चूक कोणाची हा प्रश्न न काढतांही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये वाहनाच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मागतां येतात. न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम भरली नाहीं तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊं शकते. एकत्र कुटुंबांत ज्याच्या नांवें मोटार असते, पुष्कळदां त्याच्याच नांवें घर किंवा शेतही असतें. एका विसरलेल्या हप्त्यापायीं वडिलार्जित वास्तूवर जप्तीची वेळ यावी, हें कोणत्या कुटुंबास परवडेल?

मेलेला विमा हस्तांतरित होत नाहीं

विकणाऱ्यांपैकीं कांहींजण म्हणतात कीं, विमा मोटारीबरोबर आपोआप घेणाऱ्याकडे जातो असें आम्हीं ऐकलें आहे. तें ऐकलेलें अर्धें खरें आहे. इंग्लंडांत विमा सामान्यतः माणसाच्या मागें जातो. मोटार विकली कीं तिच्यावरचें जुन्या मालकाचें विमापत्र संपतें. आपल्याकडे १५७ व्या कलमानें तो मोटारीच्या मागें जातो, आणि घेणाऱ्यानें हस्तांतरापासून १४ दिवसांच्या आंत विमा कंपनीकडे अर्ज करून विमापत्रावर आपलें नांव घालून घ्यावयाचें असतें. मात्र ही आपोआप होणारी बदली त्रयस्थ-विम्यापुरतीच आहे. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कंपनीच्या संमतीवांचून घेणाऱ्यास मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच सांगितलें आहे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, जें मुळांतच नाहीं तें बदलणार कसें? ज्या विम्याची मुदत संपली तो घेणाऱ्याकडे जात नाहीं, आणि विकणाऱ्यासही उपयोगीं पडत नाहीं.

याहूनही मोठी अडचण पुढें आहे. मोटार दुसऱ्याच्या नांवावर करण्यासाठीं परिवहन कार्यालयाकडे जो अर्ज करावयाचा, त्यास नोंदणीपत्राबरोबर चालू विम्याचा दाखला व प्रदूषण तपासणीचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे विमा नसेल तर नांव बदलत नाहीं, नांव बदललें नाहीं तर जबाबदारी सुटत नाहीं, आणि विमा नसल्यामुळें ती जबाबदारी उघडी राहते. या फेऱ्यांतून बाहेर पडण्याचा मार्ग एकच. विकणाऱ्यानें, मोटार आपल्या नांवावर आहे तोंच, आपल्या नांवें विमा उतरवावा.

तेव्हां कामाचा क्रम असा ठेवावा. पहिलें काम विमा. नुसता त्रयस्थ-विमा बहुधा मोटार न दाखवितां लगेच मिळतो. मोटारीच्या नुकसानीचाही विमा हवा असल्यास, मुदत मध्यें तुटलेली असतां कंपनीचा माणूस मोटार पाहून जातो. विमापत्र हातीं आलें कीं त्यावरील तारीख व वेळ दोन्ही वाचावीं, कारण संरक्षण त्या क्षणापासून सुरू होतें, त्याच्या आधींच्या घटकेचें नव्हे. दुसरें काम चांचणीची फेरी. ती विमा झाल्यावरच, आणि घेणाऱ्याचा परवाना पाहूनच. तिसरें काम कागद. मोटारीवर बँकेचें कर्ज होतें असें असल्यास तें फिटल्याचा बोजा उतरविण्याचा नमुना ३५, विक्रीची वर्दी देण्याचा नमुना २९, आणि हस्तांतराचा नमुना ३०. एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत वर्दी द्यावयाची व घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत अर्ज करावयाचा, असें ५० वें कलम सांगतें. घेणाऱ्यावर विसंबून न राहतां दोघांनींही सह्या करून अर्ज एकदमच देणें उत्तम. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते एजंटाच्या हवालीं करूं नयेत. चौथें काम किल्ली व मोटार देणें, आणि देतेवेळीं तारीख, वेळ व मोटारीनें कापलेलें अंतर लिहून दोघांनीं सह्या कराव्या. पांचवें काम बहुतेक लोक करीत नाहींत, म्हणून तें विशेष सांगतों. कांहीं दिवसांनीं सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर मोटारीचा क्रमांक घालून आपलें नांव खरोखर उतरलें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. विकलेल्या मोटारीच्या चलनाचा संदेश आपल्या मोबाईलवर येऊं लागला, तर तें नांव अजून बदललेलें नसल्याचें चिन्ह समजावें.

घरांतील हिशेबी मंडळींच्या उपयोगाची एक गोष्ट येथें नमूद करणें जरूर आहे. दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यांत जी सूट मिळते, ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते, आणि ती मोटारीची नसून मालकाची असते. मोटार विकल्यावर तिचा दाखला घेऊन ती नव्या मोटारीस लावितां येते. परंतु विम्याची मुदत संपून ९० दिवसांहून अधिक काळ गेला कीं ही वर्षानुवर्षें जमविलेली सूट नाहींशी होते. अर्थात् मुदत नुकतीच संपलेली असेल, तर विमा उतरविण्यांत विकणाऱ्याचा रोकडा फायदाही आहे.

सीमेपलीकडचा ग्राहक

सोलापूरकरांस या बाबतींत एक अडचण पुणेंकरांहून अधिक आहे. आपलें शहर सीमेजवळचें. विजापूर व गुलबर्गा, म्हणजे आजचीं विजयपूर व कलबुर्गी, हीं जवळ असल्यामुळें, आणि दोन्हीकडे आपल्या लोकांचीं सोयरिकीचीं घरें असल्यामुळें, मोटारीचा ग्राहक कर्नाटकांतील निघणें हें येथें नेहमींचें. हैदराबादचा रस्ताही येथूनच जातो. मोटार दुसऱ्या राज्यांत जावयाची असेल तर आपल्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला नमुना २८ वर मागावा लागतो, आणि विकणाऱ्याची मुदत १४ ऐवजीं ४५ दिवसांची होते. मुदत वाढली याचा अर्थ सवलत मिळाली असा करूं नये. मोटार तिकडच्या रस्त्यांवर फिरत असतां आपलें नांव अधिक दिवस दफ्तरांत राहणार, असा तो अर्थ आहे. म्हणून सीमेपलीकडच्या व्यवहारांत विमा चालू असणें दुप्पट अगत्याचें. सोयरा आहे म्हणून हें मागण्यास संकोचूं नये. उलट सोयऱ्याशींच व्यवहार स्वच्छ ठेवावा, म्हणजे सोयरीक टिकते.

आजोबांच्या नांवची मोटार

एकत्र कुटुंबांत आणखी एक प्रसंग येतो, तो वडीलधाऱ्यांच्या निधनानंतरचा. मोटार त्यांच्या नांवें असते, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत तिचा विषय कोणी काढीत नाहीं. नियम असा आहे कीं, मालकाच्या मृत्यूची वर्दी वारसानें ३० दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास दिली असतां त्यास तीन महिन्यांपर्यंत ती मोटार वापरतां येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती आपल्या नांवावर करून घ्यावी लागते. विमापत्रही मालकाच्या पश्चात् तीन महिने किंवा त्याची मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंतच चालतें. म्हणून दिवंगताच्या नांवची मोटार परस्पर तिसऱ्यास विकूं नये. प्रथम सर्व वारसांच्या संमतीनें ती एकाच्या नांवावर करावी, तिचा विमा उतरवावा आणि मगच विक्रीचा विचार करावा. ज्या आजोबांनीं जन्मभर कोणाचें देणें ठेविलें नाहीं, त्यांच्या नांवें अपघाताचा दावा यावा, हें त्यांच्या स्मृतीस शोभणारें नव्हे.

कांहीं आक्षेप

“मोटार पन्नास हजारांची, तिला विमा, प्रदूषणाचा दाखला, नमुने, सह्या! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.” असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, मोटारीची किंमत उतरली म्हणून तिचें वजन उतरत नाहीं. पन्नास हजारांच्या मोटारीखालीं सांपडलेल्या माणसाचा पाय पंधरा लाखांच्या मोटारीखालीं सांपडलेल्याइतकाच मोडतो, आणि जुन्या मोटारीचे ब्रेक तर अधिकच शंकास्पद. हप्त्याचा भार नको असेल तर तो किंमतींत धरून घेणाऱ्यास तसें मोकळेपणानें सांगावें. वर्षाचा चालू विमा मिळत आहे हें पाहून समंजस ग्राहक दोन-तीन हजारांसाठीं घासाघीस करीत नाहीं.

“हे सारें लचांड टाळून मोटार व्यापाऱ्यास देऊन टाकूं” हा दुसरा विचार. तो वाईट नाहीं, पण तेथेंही डोळे उघडे ठेवावे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांसाठीं नियम लागू झाले आहेत. अधिकृत व्यापाऱ्याकडे मोटार दिल्याची वर्दी परिवहन कार्यालयाकडे रीतसर गेली, कीं त्या मोटारीची जबाबदारी त्याच्यावर जाते. व्यापाऱ्याजवळ तसें अधिकारपत्र नसेल, तर तोही आपल्यासाठीं एक सामान्य खरेदीदारच.

मोटार अगदींच जीर्ण असेल, तर ती दुसऱ्याच्या माथीं मारण्यापेक्षां नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे देऊन तसा दाखला घेणें अधिक प्रामाणिकपणाचें. अशी मोटार चालवीत न नेतां दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी.

घेणाऱ्याच्या बाजूनेंही दोन शब्द. आपल्या घरीं कोणी जुनी मोटार घेत असेल, तर रंग व टायर पाहण्याआधीं विमापत्र मागावें, त्यावरील तारीख वाचावी, आणि नांव बदलतांच चौदा दिवसांचा अर्ज करावा. विमा नसल्यामुळें मोटार थोडी स्वस्त मिळत असेल, तर तो स्वस्तपणा पहिल्या मैलांतच महाग पडूं शकतो.

न्यूझीलंडासारख्या देशांत मोटारीचा विमा सक्तीचा नाहीं, कारण तेथें अपघातांत जखमी झालेल्यांची तरतूद १९७४ पासून सरकारी योजनेंतून होते. आपल्याकडे ती काळजी मुख्यतः वाहनाच्या मालकावर टाकली आहे, आणि ती पार पाडण्याचें साधन म्हणून विमा दिला आहे. मोटार घेतांना आपण जी जबाबदारी पत्करिली, ती किल्ली दिल्यानें उतरत नाहीं. दफ्तरांत दुसऱ्याचें नांव चढेल त्या दिवशीं ती उतरते. तोंपर्यंतच्या दिवसांसाठीं भरलेला हप्ता वायां गेला असें कोणीही समजूं नये. ज्या रस्त्यानें आपलींच मुलेंबाळें पायीं जातात, त्या रस्त्याचें तें देणें आहे. आमच्या वाचकांच्या घरीं एकादी मोटार विक्रीस काढलेली असेल, तर हा अंक खालीं ठेवतांच त्यांनीं कपाटांतून विमापत्र काढून त्यावरील तारीख पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.